आधी राऊटर उलटा करून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत इंटरनेटच्या सुरक्षिततेवर अर्धं पान आलं होतं ते वाचलं, तेव्हा पत्र लिहायचा काही विचार नव्हता, पण मंगळवारी संध्याकाळी माझ्या क्लासला येणारे एक काका ते कात्रण घडी करून खिशातून घेऊन आले. प्रत्येक मुद्द्याखाली पेनाने रेघ, समोर बरोबरची खूण. म्हणाले, मॅडम, हे सगळं केलं, अँटीव्हायरस टाकला, पासवर्ड बदलला, अनोळखी लिंक उघडत नाही, आता माझं नेट सेफ झालं ना? मी विचारलं, काका, राऊटरचा पासवर्ड बदललात का? ते म्हणाले, वायफायला पासवर्ड आहे की, चांगला मोठा आहे. म्हटलं तो नाही, राऊटरचा स्वतःचा, म्हणजे वायफाय देणाऱ्या त्या डब्याचा. काका गप्प झाले आणि कात्रणात परत शोधायला लागले, तिथे त्याबद्दल एक ओळही नव्हती.

मी दिवसा दोन-तीन छोट्या ऑफिसांचं नेटवर्क सांभाळते आणि संध्याकाळी अगदी नवशिक्या लोकांना कॉम्प्युटर शिकवते, त्यात निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे. त्यामुळे हे पत्र तुमच्या लेखावर टीका म्हणून नाही लिहीत, लेखात चुकीचं असं फार नव्हतंच (दोन-तीन गोष्टी सोडून, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते), पण हे करा आणि ते करू नका अशी नुसती यादी दिली की माणूस खुणा करतो आणि निर्धास्त होतो. नेटवर्क म्हणजे नेमकं काय चाललंय हे साध्या भाषेत एकदा कळलं तर त्यातली निम्मी यादी पाठच करावी लागत नाही, आपोआप सुचते. आणि ते कळायला इंजिनिअर असावं लागत नाही हो, मी रोज बघते.

तर आधी त्या दोन पासवर्डांचं. वायफायचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नेटवर्कमधे कोण येऊ शकतं ते ठरवणारा. आणि राऊटरचा पासवर्ड, ज्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात, तो म्हणजे नेटवर्कचे नियम कोण बदलू शकतं ते ठरवणारा, यात वायफायचा पासवर्डसुद्धा आला. हा दुसरा पासवर्ड बऱ्याच ठिकाणी डबा बसवला त्या दिवशी होता तोच असतो, डब्याच्या खाली स्टिकरवर छापलेला, आणि जुन्या राऊटरवर तर युजरनेम ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन. कंपनीने एकाच मॉडेलच्या सगळ्या डब्यांना तोच ठेवलेला असेल तर तो गुपित राहतच नाही, इंटरनेटवर मॉडेलप्रमाणे याद्या पडलेल्या आहेत.

हे किती महागात पडतं ते २०१६ साली जगाने बघितलं. मिराई नावाचा एक प्रोग्राम होता, तो इंटरनेटवर फिरून कॅमेरे, राऊटर, रेकॉर्डर असली उपकरणं शोधायचा आणि त्यांच्यावर साधारण साठेक ठरलेल्या युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून बघायचा, बस. कुठलीही मोठी हुशारी नाही, फॅक्टरीतून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नाही एवढ्याच भरवशावर लाखो उपकरणं त्याच्या ताब्यात गेली आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला तशाच उपकरणांकडून डाईन नावाच्या, साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर इतकी रहदारी सोडली गेली की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशा साइट कित्येक तास नीट उघडत नव्हत्या. यात एक गोष्ट मी क्लासमधे मुद्दाम सांगते की मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा, म्हणजे उपकरण बंद करून चालू केलं की तो निघून जायचा, पण पासवर्ड तोच ठेवला तर थोड्या वेळात परत यायचा. म्हणून नुसतं रिस्टार्ट करून भागत नाही.

इथे लोक हमखास म्हणतात की आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय, आमच्या मागे कोण लागणार. मला हे वाक्य ऐकलं की फार वाईट वाटतं कारण मी स्वतः एकेकाळी असंच समजत होते आणि त्याचा फटका जवळजवळ बसलाच होता. एका ऑफिसच्या मालकांना घरून ऑफिसचा कॉम्प्युटर बघायचा होता, मी राऊटरमधे जाऊन रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, सरळ बाहेरच्या जगाला उघडून दिला, पाच मिनिटांचं काम, मालक खूश. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी त्या कॉम्प्युटरचा लॉग, म्हणजे कोण आलं-गेलं त्याची नोंद, उघडला तर पानंच्या पानं फसलेल्या लॉगिनची. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युजर, बॅकअप, स्कॅन, परत ॲडमिन, दर काही सेकंदाला एक, रात्रभर, रविवारीसुद्धा. मी खुर्चीतून उठून आधी राऊटरची वायर काढली आणि मग शांतपणे बसून बघितलं. कोणी आत शिरलेलं नव्हतं, पासवर्ड लांब होता म्हणून वाचलो. पण त्या छोट्याशा ऑफिसच्या मागे कोणी माणूस लागलेला नव्हता हे मला तेव्हा कळलं, तिथे यंत्र होती, आणि यंत्राला तुम्ही कोण आहात याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती नंबरामागून नंबर ठोकत जातात. २०१३ मधे मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम काढला, तो एका कॉम्प्युटरवरून चांगल्या कनेक्शनवर इंटरनेटचे सगळेच्या सगळे जुन्या पद्धतीचे पत्ते पाऊण तासाच्या आत तपासतो. पाऊण तास! मग आपला पत्ता राहील कसा.

आता पत्ते म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच खरी गंमत आहे आणि इथेच लोक घाबरून पुस्तक मिटतात. इंटरनेटवर प्रत्येक कनेक्शनला एक आयपी पत्ता असतो, जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा, मधे टिंब. असे पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटीच होतात आणि जगात उपकरणं त्याहून कितीतरी जास्त, म्हणून तोडगा काढला की नेटवर्कच्या आत वापरायला काही पत्ते राखून ठेवायचे, १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. हा नियम सध्याच्या रूपात १९९६ पासूनचा. म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ असेल तर तसाच पत्ता जगात लाखो लॅपटॉपना असेल आणि काही बिघडत नाही, कारण तो नेटवर्कच्या बाहेर चालतच नाही. बाहेर जाताना राऊटर स्वतःचा एकच पत्ता लावतो आणि आतून कोणी काय मागितलंय त्याची नोंद ठेवतो, उत्तर आलं की नोंद बघून ज्याचं त्याला देतो. आणि ज्या गोष्टीची नोंदच नाही, कोणी मागितलीच नाही, ती बाहेरून आली तर राऊटर ती कोणाला द्यायची तेच त्याला कळत नाही म्हणून टाकून देतो.

हे एवढं कळलं की बघा किती गोष्टी उलगडतात. पोर्ट उघडणं म्हणजे राऊटरला सांगून ठेवणं की या नंबरावर न मागितलेलं आलं तरी अमक्या कॉम्प्युटरला दे, म्हणजे मी केलेली चूक. यूपीएनपी नावाची सोय म्हणजे आतल्या कुठल्याही प्रोग्रामने तुम्हाला न विचारता राऊटरकडून असं भोक पाडून घ्यायची परवानगी, गेम खेळणाऱ्यांना सोयीची, पण गरज नसेल तर बंदच बरी. रिमोट मॅनेजमेंट म्हणजे राऊटरचं सेटिंगचं पान बाहेरच्या जगातून उघडता येणं, ते सर्वसाधारण माणसाला कधीच लागत नाही, बंद करा. आणि नवीन पद्धतीचे जे लांबलचक आयपीव्ही६ पत्ते आलेत त्यात आतल्या प्रत्येक उपकरणाला बाहेरचा पत्ता मिळू शकतो, तिथे ही नोंदवहीची आडकाठी नसते, म्हणून राऊटरमधली फायरवॉल (न मागितलेलं अडवणारी सोय) चालू आहे ना ते बघायचं.

बघायचं कुठे? तर राऊटर उलटा करा. खाली स्टिकरवर एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, आणि शेजारी युजरनेम-पासवर्ड. स्टिकर झिजला असेल तर फोनच्या वायफायच्या सेटिंगमधे गेटवे म्हणून जो आकडा दिसतो तोच. वायफायला जोडलेलं असताना तो आकडा ब्राउजरमधे वरच्या पट्टीत टाकायचा, सर्चमधे नाही, वरच्या पट्टीत. पान उघडतं. काही ब्राउजर इथे हे कनेक्शन सुरक्षित नाही असं म्हणतात, आपल्याच राऊटरच्या पानाला ते चालतं, बाकी कुठे ती सूचना आली तर मात्र मागे फिरायचं. आत गेलात की आधी ॲडमिन पासवर्ड बदला आणि तो कागदावर लिहून ठेवा. हो, कागदावर. लोक म्हणतात पासवर्ड लिहू नये, पण राऊटरचा पासवर्ड वर्षातून दोनदा लागतो, लक्षात राहत नाही, आणि इंटरनेटवरून येणाऱ्याला तुमच्या कपाटातली वही दिसत नाही.

मग वायफायच्या भागात जाऊन सिक्युरिटी बघा. डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूईपी दिसलं तर तो राऊटर फार जुना आहे, ती पद्धत २००१ मधेच मोडली गेलीय, नवीन घ्या. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो आणि ६३ पर्यंत चालतो, पण आठवर थांबू नका, कारण डब्ल्यूपीए२ मधे कोणी तुमच्या वायफायच्या आसपास येऊन फोन जोडला जातानाची देवाणघेवाण पकडली की तो पुढे आपल्या जागी बसून, तुमच्या राऊटरला हातही न लावता, करोडो पासवर्ड लावून बघू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, पाहुण्यांना सांगायलाही सोपं जातं आणि ओळखायला फार अवघड.

डब्ल्यूपीएसबद्दल थोडं जास्त लिहिते कारण हे मला शिकवायला फार आवडतं, आठवीतल्या मुलालाही कळणारं गणित आहे. ते बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून वायफाय जोडायची सोय असते ना, ती. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, ऐकायला भक्कम. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, म्हणजे खरे सातच, एक कोटी राहिल्या. आणि राऊटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो, पहिले चार चुकले तर तिथेच सांगतो की चुकले. म्हणजे आधी चार आकड्यांच्या १०,००० शक्यता, त्या सापडल्या की उरलेल्या तिघांच्या १,०००. गुणाकार व्हायच्या ऐवजी बेरीज झाली, ११,००० प्रयत्नांत काम खल्लास, आणि यंत्राला ते काही तासांचं काम. हे २०११ मधे उघड झालं. नंतरच्या राऊटरमधे चुकीची पिन सारखी टाकली की थांबवायची सोय आली, पण माझ्या मते डब्ल्यूपीएस बंदच असावं, तुमचा पासवर्ड ६३ अक्षरांचा असला तरी हे मागचं दार वेगळं आहे.

तुमच्या लेखात वायफायचं नाव लपवा असं लिहिलं होतं. याने काही होत नाही. नाव लपवलेलं नेटवर्क शोधायला तुमचा फोनच जिथे जाल तिथे ते नाव पुकारत फिरतो, म्हणजे उलट जास्त जाहिरात. तसंच मॅक ॲड्रेसची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या स्वतःच्या नंबराची, यादी करून तेवढ्याच उपकरणांना परवानगी द्यायची, यात पण मेहनत फार आणि फायदा कमी, कारण तो ॲड्रेस हवेत उघडाच जात असतो आणि नक्कल करता येतो, शिवाय हल्लीचे फोन स्वतःच खोटा ॲड्रेस लावतात. त्यापेक्षा गेस्ट नेटवर्क चालू करा, पाहुणे त्यावर, आणि कॅमेरा, टीव्ही, स्मार्ट बल्ब पण त्यावरच. ती उपकरणं अपडेट मिळत नाहीत म्हणून सगळ्यात आधी फुटतात, आणि फुटली तरी तुमच्या कागदपत्रांच्या लॅपटॉपपर्यंत पोचायला नकोत.

तुमच्या लेखातली दुसरी गोष्ट, दर महिन्याला पासवर्ड बदला. हा सल्ला जुना झाला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेच २०१७ च्या मार्गदर्शनात सांगितलं की फुटल्याचा पुरावा असल्याशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, त्यापेक्षा लांबी आणि वेगळेपणा बघा. कारण बदलायची सक्ती केली की माणूस काय करतो? शेवटी एक होता तिथे दोन करतो, पुढच्या महिन्यात तीन. माझ्या ऑफिसांमधे मी डोळ्यांनी बघितलंय. खरा धोका तोच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्याचा आहे, एक साइट फुटली की ती जोडी घेऊन बाकीच्या नऊ ठिकाणी यंत्र लावून बघतात. म्हणून पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप) वापरा, आणि सगळ्यात भक्कम पासवर्ड ईमेलला द्या, बँकेच्याही आधी ईमेलला, कारण बाकी कित्येक ठिकाणचा फर्गॉट पासवर्ड तिथेच येऊन पडतो. त्यावर दुसरी पायरी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, शक्यतो दर ३० सेकंदाला सहा आकडे बदलणारं ॲप, एसएमएस त्याच्या खालोखाल, कारण तुमच्या नावाने दुसरं सिम काढून घेतलं तर एसएमएस तिकडे जातो. पण काहीच नसण्यापेक्षा एसएमएस कितीतरी बरा, हे पण सांगते, नाहीतर लोक गोंधळून काहीच करत नाहीत.

आता तिसरी, कुलपाची खूण. तुमच्या लेखात होतं की वर कुलूप दिसलं की साइट खरी. संपादक साहेब, यामुळे माणसं फसतात, कृपा करून याची दुरुस्ती छापा. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या ब्राउजरपासून त्या साइटपर्यंत मधे कोणी वाचू शकत नाही. त्या टोकाला प्रामाणिक माणूस आहे की भामटा हे कुलूप सांगत नाही, आणि त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, भामट्यालाही मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गुगलने २०२३ मधे क्रोममधून ती कुलपाची खूणच काढून टाकली. बघायचं असतं ते नाव, आणि ते उजवीकडून वाचायचं. पहिली एकेरी तिरकी रेघ जिथे येते तिथपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे शेवटचे दोन-तीन तुकडे बघायचे, खरा मालक तिथे असतो. माझीबँक.कॉम असं सुरुवातीला असेल आणि त्याच्यापुढे टिंब देऊन लॉगिन-तपासणी.नेट असं असेल तर मालक लॉगिन-तपासणी.नेट आहे, बँकेचं नाव नुसतं सुरुवातीला चिकटवलंय. फोनवर पट्टी छोटी असल्याने सुरुवातीचाच भाग दिसतो, तिथेच लोक चुकतात.

या नावावरून आकडा शोधायचं काम डीएनएस करतं, आणि इथे गोष्ट परत राऊटरवर येते. डीएनएस कोणाला विचारायचं ते बहुतेक ठिकाणी राऊटर सांगतो. राऊटरमधे शिरून कोणी तो एक आकडा बदलला तर तुम्ही नाव अगदी बरोबर टाकाल आणि पोचाल भलत्याच ठिकाणी, नेटवर्कमधली सगळी उपकरणं एकदम. हे नुसतं भीती घालायला सांगत नाही, डीएनएसचेंजर नावाच्या प्रकाराने जगभरात सुमारे ४० लाख कॉम्प्युटरचे डीएनएस असेच बदलले होते, ती टोळी २०११ मधे पकडली गेली, तो प्रोग्राम राऊटरच्या मूळ पासवर्डांवरही प्रयत्न करायचा. अशा वेळी ब्राउजर बहुतेकदा सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून लाल पान दाखवतो आणि खाली बारीक अक्षरात तरीही पुढे जा असं असतं. तिथे पुढे जायचं नाही, घाई असेल तरी नाही.

बाहेरच्या फुकट वायफायबद्दल लेखात जितकी भीती घातली होती तितकी आता राहिलेली नाही, बहुतेक साइट कुलूपवाल्या झाल्यात. वर सांगितलेलं लाल पान आलं तर थांबायचं, विंडोजने विचारलं की नेटवर्क पब्लिक की प्रायव्हेट तर पब्लिक म्हणायचं, आणि काम झालं की ते नेटवर्क फोनमधून विसरायला लावायचं, नाहीतर उद्या कोणी त्याच नावाचं वायफाय लावलं की फोन आपणहून जोडतो. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारी सोय, वापरणं म्हणजे सगळा माल वायफायवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्याच्या हातात देणं, फुकटवाल्याच्या हातात द्यायच्या आधी विचार करा.

मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते मात्र यापैकी नाही. नेट बंद पडतं, माणूस घाबरतो, फोनवर हेल्पलाईन सर्च करतो, वरती जो नंबर येईल तो लावतो, पलीकडचा गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावतो, आणि खातं रिकामं. हे मी ओळखीतल्या दोन घरांत बघितलंय. म्हणून नेट का बंद पडलं हे स्वतः बघता येणं हीच मला मोठी सुरक्षितता वाटते. ते अवघड नाही. विंडोजमधे कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाईप करायचं (इंग्रजीत, मधे जागा न सोडता). पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर राऊटरने पत्ताच दिला नाहीये, म्हणजे घोळ तुमच्या आणि राऊटरच्या मधे, वायर, वायफाय किंवा राऊटर स्वतः. पत्ता बरोबर असेल तर पिंग (म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघणं) आणि पुढे राऊटरचा पत्ता, उत्तर आलं की राऊटरपर्यंत सगळं ठीक. मग पिंग ८.८.८.८, हा बाहेरचा, गुगलचा पत्ता, याला उत्तर नाही आलं तर घोळ राऊटरच्या पलीकडे, तक्रार करायची ती बिलावर छापलेल्या नंबरावर. आणि ८.८.८.८ ला उत्तर येतंय पण साइटच्या नावाला येत नाही, तर डीएनएसचा घोळ.

माझ्या क्लासमधल्या एक मावशी आहेत, सुरुवातीला माऊस धरायला घाबरायच्या. मागच्या महिन्यात त्यांचं नेट गेलं. त्यांनी वहीत बघून आयपीकॉन्फिग केलं, १६९.२५४ दिसलं, मग वहीत लिहिल्याप्रमाणे वायर तपासली तर राऊटरकडचं टोक अर्धं बाहेर, ती चिमुकली कडी टिक असा आवाज करून बसलीच नव्हती. त्यांनी दाबली, टिक झालं, दिवा लुकलुकायला लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी ती टिक सगळ्यांना करून दाखवली. त्या दिवशी त्यांनी कुठलाही नंबर सर्च केला नाही.

अपडेटबद्दल एकच सांगते. वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्राम १२ मे २०१७ ला सुटला आणि सुमारे दीडशे देशांत कॉम्प्युटरच्या फाईली कुलूपबंद करून पैसे मागत फिरला, ज्या दोषातून तो शिरत होता त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिलेली होती. दोन महिने लोकांनी नंतर करू म्हटलं. विंडोज १० ला तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीची दुरुस्ती मिळणं बंद झालंय, ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी आता टाळू नका. राऊटरलाही अपडेट असतं, त्याच पानावर फर्मवेअर म्हणून. आणि फाईलींची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा जी काम झालं की काढून ठेवता, कारण जोडून ठेवलेली डिस्क पण त्याच वेळी कुलूपबंद होते.

तर माझी विनंती अशी आहे की पुरवणीत अर्धं पान एकदम देण्यापेक्षा दर आठवड्याला एक छोटी चौकट द्या, एका चौकटीत एकच काम, का करायचं ते दोन ओळींत आणि कसं करायचं ते चित्रासकट. पहिल्या आठवड्यात राऊटरच्या खालच्या स्टिकरचं चित्र टाका आणि कुठला आकडा कशाचा ते बाणांनी दाखवा. दुसऱ्यात जोडलेल्या उपकरणांची यादी. मजकूर तपासून द्यायला मी तयार आहे, मोबदला नको, वाचकांचे प्रश्न आले तर तेही पाठवा, मी उत्तरं लिहून देईन.

हो, त्या कात्रणवाल्या काकांचं राहिलं. ते घरी गेले, राऊटर उलटा केला, पान उघडलं आणि जोडलेल्या उपकरणांची यादी वहीत उतरवून आणली. अकरा नावं. आम्ही दोघं बसलो, फोन, टीव्ही, नातवाचा टॅब, प्रिंटर करत दहा ओळखली. अकरावं म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं. काकांना काही आठवेना, मग घरी फोन लावला, काकूंनी आठवून सांगितलं की जिन्याच्या वर एक कॅमेरा बसवला होता, त्याचं ॲप दोन फोनांपूर्वीच गेलं. कॅमेरा मात्र चालूच होता, चार वर्षं, आतल्या मूळ पासवर्डासकट. काकांनी त्याच रात्री शिडी लावून तो काढला आणि मला फोटो पाठवला, भिंतीवर नुसती दोन भोकं आणि लोंबकळणारी वायर.

कळावे,
आपली एक नियमित वाचक